लातूरात आईच्या खुब्याचं ऑपरेशन केलं, त्याचा रिव्ह्यू (४ स्टार, पाचवा का कापला ते खाली)

सगळ्यात आधी सांगतो, डॉक्टर हुशार आहेत का ते मला विचारू नका, लातूरात हुशार डॉक्टरला तोटा नाही, औसा निलंगा उदगीर सोडा, तिकडं कर्नाटकातल्या भालकीचे पेशंट पण इथंच येतात. माझा रिव्ह्यू दुसऱ्याच गोष्टीचा आहे. या हॉस्पिटलातले लोक एकमेकांशी बोलतात. हाडाचे सर, शुगर-हार्ट बघणाऱ्या मॅडम, भूलवाले, सिस्टर, फिजिओ, मेडिकलवाला, जेवणाचं बघणारी ताई, सगळे. ज्यांनी आपलं माणूस कुठं ॲडमिट केलंय त्यांना कळंल मी काय म्हणायलोय. दादांच्या वेळेस (दुसरं हॉस्पिटल, नाव नको) एक डॉक्टर म्हणायचे पाणी मोजून द्या, दुसरे म्हणायचे भरपूर पाजा, आणि आम्ही दोघांच्या मधी चिठ्ठ्या घेऊन जिने चढायचो.

तर केस अशी. आई ७२ वर्षांची, शुगर, बीपी, वरून स्टेंट टाकलेला म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. न्हाणीत घसरली, खुबा मोडला. म्हातारं माणूस असं पडून राहिलं की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी असलं सगळं मागं लागतं, म्हणून हे ऑपरेशन शक्यतो ४८ तासाच्या आत करतात. पण त्यातली क्लोपिडोग्रेल नावाची गोळी चालू असली की कमरेत सुई देऊन भूल द्यायला भूलवाले घाबरतात, मणक्यात रक्त साचू शकतं, गोळी बंद करून ५ ते ७ दिवस थांबा म्हणतात. म्हणजे एकाच्या हिशोबानं थांबायला पाहिजे, दुसऱ्याच्या हिशोबानं थांबलं की धोका. दुसरीकडं असतं तर यातच दोन दिवस गेले असते. इथं तिघं एकाच टायमाला आईच्या कॉटपाशी उभे. मॅडम म्हणल्या स्टेंट आहे, ॲस्पिरिन (रक्त पातळ करायची दुसरी गोळी) अजिबात बंद करू नका. भूलवाले म्हणले मग कमरेत नको, पूर्ण भूल देतो. हाडाचे सर म्हणले रक्ताच्या पिशव्या तयार ठेवा, उद्या सकाळी घेऊ. विषय संपला, आणि आमच्यासमोर संपला हे महत्त्वाचं.

ऑपरेशनला नेताना आईची लई चिडचिड. "कितींदा नाव इचारायलेत, इसरभोळे हायेत का काय?" पायावर पेननं खूण पण केली. ते इसरभोळेपण नाही, ती जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची चेकलिस्ट आहे, १९ मुद्दे, भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर काढायच्या आधी असं तीनदा थांबून मोठ्यानं विचारायचं. नाव, कोणता पाय, ॲलर्जी, शेवटी कापूस-सुया मोजून बरोबर आहेत का. त्यात एक मुद्दा असाय की टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. वाचायला पोरखेळ वाटतं पण दिल्लीसकट जगातल्या ८ शहरांत वापरून बघितली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते.

आता खरी गोष्ट. ऑपरेशननंतर एकादशी आली. आईनं कुणालाच सांगितलं नाही, पोह्याची प्लेट शेजारच्या पेशंटच्या नातवाला देऊन टाकली आणि गप पडून राहिली. सिस्टर इन्सुलिन भरून घेऊन आल्या. तेवढ्यात फरशी पुसणारी मावशी म्हणली, "सिस्टर थांबा, आजीनं घास बी खाल्ला नाही, एकादस हाय त्यांची." उपाशीपोटी ते इन्सुलिन गेलं असतं तर शुगर धाडकन खाली आली असती, त्या वयात आणि त्या हार्टला. सिस्टरनं "तू तुझं काम कर" म्हणलं नाही. सुई ट्रेमध्ये ठेवली, शुगर चेक केली, मॅडमला फोन लावला. फोनवर पण बघा, पेशंट कोण आणि झालंय काय, मूळ दुखणं काय, आता शुगर किती, आणि मला वाटतं डोस कमी करावा, एवढं चार वाक्यात. नंतर विचारलं तर म्हणल्या याला एसबार म्हणतात, ही पद्धत मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतली. डोस बदलला, जेवणाच्या ताई आल्या, उपवास मोडा असं न म्हणता साबुदाण्याऐवजी थोडी भगर, दही आणि दाण्याची आमटी लिहून दिली. आई एवढी खूष की त्यांना घरी जेवायला बोलावून बसली.

आपल्याकडं मावशीचं कोण ऐकतंय सांगा? माझे चारपैकी दोन स्टार त्या एका सकाळचे आहेत.

मेडिकलवाल्याचं पण सांगतो. ॲडमिट करताना त्यानं घरच्या गोळ्यांची पिशवी मागितली, कॉटवर ओतली आणि लिस्टशी लावून बघितली. आई मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) दोन नावानं खायलेली निघाली, एक आमच्या गावच्या डॉक्टरनं दिलेली साधी, दुसरी शहरातल्यानं दिलेल्या जोडगोळीत मिसळलेली. दोघांनी आपापल्या जागी बरोबरच दिलं होतं, एकमेकांचं बघितलं नव्हतं एवढंच. त्यानं मॅडमला सांगून एक कापली.

फिजिओ पोरगी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी हजर, वॉकर धरून उभं केलं, पायावर किती भार द्यायचा ते आधी सरांना विचारून आली होती. आमचे काका तिला मालिशवाली म्हणले. काका, डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी २०२१ चा राष्ट्रीय कायदा आहे, त्यात फिजिओ पण येतात, जरा नीट बोला.

आता पाचवा स्टार. वॉर्डात जेवढं बोलणं तेवढंच बिलिंग काउंटरवर मौन. विम्याच्या खिडकीवर म्हणतात कागद वॉर्डातून आला नाही, वॉर्डात म्हणतात सकाळीच पाठवला, आणि डिस्चार्ज होता होता दिवेलागण. रविवारी फिजिओ नसतो. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत आणि शॉर्टकटमध्ये, व्यायामाचा कागद पण इंग्रजीत, जो आईनं वाचायचाय. आणि गावच्या डॉक्टरला इथून एक ओळ नाही, परत मीच चिठ्ठीवाला. एवढं चांगलं जमवता तर गेटच्या बाहेर पण जमवा की.

जायचं असंल तर घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा, रिकाम्या पट्ट्या सुद्धा. उपवास असतील तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. पार्किंग नाही, गाडी गल्लीच्या बाहेरच लावा.