पाणी कुठं मुरतंय? चमकणारा डाय की हातपंप

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी आठवड्याला बोटभर खाली जाते आणि गाडीखाली मात्र टिपूस नाही, अशा अवस्थेत असाल तर पुढचं वाचा. रेडिएटर, होज पाइप, वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप) कुठं असते हे ठाऊक आहे असं धरतो. एसीचं पाणी आणि कूलंट यातला फरकही. दुसरं बोटाला चिकटतं आणि वास गोडसर येतो.

गळती घरीच शोधायचे दोन मार्ग मी एकाच गाडीवर, एकाच गळतीसाठी वापरले. पहिला डायचा: कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकायचा, गाडी फिरवायची आणि अंधारात यूव्ही (अतिनील उजेडाची) टॉर्च मारायची. दुसरा प्रेशर टेस्टरचा. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा, दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप म्हणजे प्रेशर टेस्टर. दाब भरायचा, काटा उतरला तर कुठंतरी गळतंय.

डाय स्वस्त. तसल्या पंपाच्या पैशात डाय आणि टॉर्च दोनदा आले असते. शिवाय गळती गरम इंजिनवरच उघडत असेल, तर थंड गाडीवरचा पंप ती चुकवू शकतो, आणि डाय तिथं सरस ठरतो. हे मान्य करूनच पुढचं लिहितोय.

मी डाय टाकला, कोल्हापुरातल्या फुलेवाडीतून निघून गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो आणि रात्री बॉनेट उघडलं. सगळंच चमकत होतं! गळणारा थेंब रेडिएटरच्या फॅननं मागं उडवला होता, त्यामुळं बेल्ट, अल्टरनेटर, वायरिंग सगळीकडं हिरवे शिंतोडे. काही कूलंट मुळातच अशा उजेडात चमकतात, त्यामुळं जुने डागही त्यात मिसळले. दारातला दिवा बंद करून मी टॉर्च घेऊन वाकलेलो, तर शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "काय शोधतोयस रं रात्रीचं? सोनं सांडलं काय?"

शेवटी अंदाजानं एक क्लिप आवळली. माझं मत फिरलं ते इथं. दुरुस्ती जमली की नाही, हे डाय लगेच सांगत नाही. सगळं धुवा, वाळवा, पुन्हा गाडी फिरवा, पुन्हा रात्र व्हायची वाट बघा. असे तीन दिवस गेले आणि टाकी खाली जायची ती जातच राहिली. त्यात पाऊस लागला, मग ओलं काय आणि गळकं काय!

मावसभावाचं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. त्याच्या ओळखीनं एका गॅरेजातून पंप मागून आणला. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढलं (गरम असताना चुकूनही काढू नका, वाफ तोंडावर येते) आणि पंप बसवला. झाकणावर 1.1 लिहिलेलं, म्हणजे 1.1 बार दाब, साधारण 16 पीएसआय. तेवढंच भरायचं, जास्त नाही. काटा हळूहळू उतरायला लागला आणि पाचेक मिनिटांत वरच्या होज पाइपच्या टोकाला, क्लिपखाली, एक थेंब फुगला. फॅन बंद, इंजिन थंड, त्यामुळं तो उडालाही नाही आणि वाळलाही नाही. तीन दिवस मी खालची क्लिप आवळत बसलो होतो.

स्प्रिंगची क्लिप ढिली पडली होती, आत पांढरट खरवड साचली होती. पाइपला लांबी होती म्हणून टोक इंचभर कापलं, रेडिएटरची मान (पाइप बसतो ती नळी) पुसून घेतली, नवी क्लिप लावली. मान प्लास्टिकची असेल तर हात आवरा, फार आवळली तर तडकते. पुन्हा पंप मारला. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. मला हवं होतं ते उत्तर चहा संपायच्या आत मिळालं.

पंपाची कटकट एकच, ॲडॉप्टर. बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, पंप टाकीवर बसवावा लागतो आणि प्रत्येकाचे आटे वेगळे. विकत घेणार असाल तर आपलं झाकण खिशात घालून दुकानात जा. बहुतेक किटमध्ये झाकण तपासायचीही सोय असते. कधीकधी गुन्हेगार तेच निघतं.

काटा उतरतोय पण बाहेर थेंब नाही, असं झालं तर पायाखालचं मॅट चाचपा, म्हणजे हीटर आत गळतोय का ते कळेल, आणि ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा) संशय धरा. ते घरचं काम नव्हे.

गळती बुजवणारी बाटली मी तिसरा पर्याय धरत नाही. तिच्यानं हीटरच्या बारीक नळ्या बुजू शकतात. घाटात अडकला असाल तर ठीक.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा, ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात.

टॉर्च मात्र वाया गेली नाही. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. परसात सरपणाचा ढीग आहे, त्यामुळं पावसाळाभर ती आईच्या ताब्यात असते.