लाँग रेंज लोकेटर विकत घेण्याआधी हे वाचा

सार्वजनिक जागांवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा छंद असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. लांबून सोनं दाखवणारा ‘लाँग रेंज लोकेटर’ म्हणून एक यंत्र माझ्या गळ्यात मारलं गेलं. ते यंत्र काहीच शोधत नाही. कमी शोधतं किंवा कधीकधी चुकतं असंही नाही, काहीच शोधत नाही.

विकणारा अनोळखी असला तरी या छंदातलाच वाटत होता. कॉइल (डिटेक्टरच्या टोकाचं तारेचं वेटोळं), ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा सिग्नल वगळायची जुळणी), पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर) हे शब्द त्याच्या तोंडात बसलेले होते. साध्या डिटेक्टरला नाणं वीतभर, फार तर फूटभर खोलीवर लागतं, हे त्यानेच आधी सांगितलं. ते खरं असल्यामुळे पुढचंही खरं वाटत गेलं. "ताई, आमचं यंत्र शंभर मीटरवरून दिशा दाखवतं, आणि तीही फक्त सोन्याची." यंत्र म्हणजे एक मूठ, तिच्यावर आडवी मोकळी फिरणारी दांडी आणि सोनं, चांदी, तांबं निवडायची बटणं.

मग प्रात्यक्षिक. सगळी फसवणूक तिथेच आहे. त्याने आमच्यादेखत गवतात अंगठी ठेवली, लांब जाऊन उभा राहिला आणि दांडी बरोबर अंगठीकडे वळली. मग यंत्र माझ्या हातात दिलं. माझ्याही हातात वळली! मी मुद्दाम काही केलं नव्हतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही. पण अंगठी कुठे आहे हे मला माहीत होतं. मोकळी दांडी मुठीच्या केसभर कलानेही फिरते, आणि मनात जी जागा असते तिकडे हात नकळत कलतो. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्ये याला आयडिओमोटर परिणाम म्हटलं. काठी घेऊन पाणी शोधणाऱ्यांच्या हातात हेच होतं. म्हणून दुकानात किंवा मैदानात, वस्तूची जागा तुम्हाला माहीत असताना घेतलेल्या चाचणीला शून्य किंमत द्या.

घरी मी उलट केलं. एकसारखे बंद डबे, अंगठी कोणत्या डब्यात जाणार हे फाशाने ठरवायचं, आणि लपवणाऱ्याने खोलीबाहेर जायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नाही. डोळे मिटून एखाद्या डब्यावर बोट ठेवलं असतं तरी उत्तरं तितकीच बरोबर आली असती. नंतर मूठ उघडली. आत बॅटरी, दिवा आणि आवाज करणारी छोटी पट्टी. दांडीपर्यंत एकही वायर गेलेली नव्हती.

शंभर मीटरचा दावा का अशक्य आहे, तेही कळायला हवं. खरा डिटेक्टर कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र सोडतो, त्याने धातूत प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहाचं क्षेत्र परत कॉइलला जाणवतं. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू दूर गेली की अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा सिग्नल सुमारे 64 पट कमी होतो. बटण फिरवलं म्हणून ते बदलत नाही. आणि ‘फक्त सोनं’? चांगल्या डिटेक्टरवरही सोन्याची अंगठी आणि कॅन उघडायची ॲल्युमिनियमची कडी बऱ्याचदा पडद्यावर धातू ओळखायला दिसणाऱ्या एकाच आकड्यावर येतात. म्हणून तर आपण इतक्या कड्या खणून काढतो.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत ‘क्वाड्रो ट्रॅकर’ नावाची अशीच पोकळ पेटी शाळांना आणि पोलिसांना विकली गेली होती, 1996 मध्ये न्यायालयाने तिची विक्री थांबवली. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावर बेतलेलं यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्रांच्या भरवशावर तपासणी नाक्यांवर माणसं उभी होती, हे आठवलं की मला आजही संताप येतो.

यंत्रासोबत त्याने एक लॅमिनेट केलेलं ‘परवाना कार्ड’ही दिलं, कुठल्याही सार्वजनिक जागेवर चालेल म्हणून. असं कार्ड अस्तित्वातच नसतं. परवानगी फक्त त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडून मिळते, यंत्र विकणाऱ्याकडून नाही. अमेरिकेत संघीय जमिनीवरून 100 वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात सापडलेलं गुप्तधन 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते कार्ड खिशात ठेवून कुणी संरक्षित जागी खणायला बसला, तर पैसे जातीलच, वर खटलाही पदरी पडेल. मला यातली ही बाजू जास्त घातक वाटते.

पैसे परत मागितले तेव्हा आधी मातीत खनिजं जास्त असल्याचं कारण आलं, मग उन्हाचं, मग "तुमचा हात अजून बसला नाही" असं. शेवटी फोन बंद. मी तक्रार दिली आहे, सोबत उघडलेल्या मुठीचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि ते कार्ड जोडलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्याकडेही असं यंत्र आणि कार्ड आलं असेल तर रागाच्या भरात फेकून देऊ नका, तक्रारीला जोडा.