नाव बदलताना डेटाबेस उडू नये म्हणून: मूव्ह्ड ब्लॉक, स्टेट एमव्ही की पुलुमीचे एलियास?

लातूरच्या एका आडत दुकानाच्या पावत्यांचा डेटाबेस आम्ही टेराफॉर्मवर, म्हणजे सर्व्हर-डेटाबेस कोडमध्ये लिहून उभे करणाऱ्या साधनावर, सांभाळतो. दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची आवक भरात असताना, मी कोडमध्ये त्या रिसोर्सचं (म्हणजे त्या डेटाबेसच्या कोडमधल्या नोंदीचं) नाव बदललं. बाकी एका अक्षराला हात लावला नव्हता. प्लॅनमध्ये, म्हणजे बदल लागू करण्याआधी टेराफॉर्म दाखवतं त्या यादीत, आलं: एक तयार होणार, एक नष्ट होणार. प्लॅन वाचला म्हणून डेटाबेस वाचला.

टेराफॉर्म रिसोर्सला ओळखतं ते प्रकार आणि नाव मिळून झालेल्या पत्त्यावरून. काय काय उभं आहे याची नोंद ते स्टेट नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. तिथला जुना पत्ता कोडमध्ये दिसला नाही की ते तो रिसोर्स पाडायला निघतं.

सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर फेरफार लागतो. जमीन जागेवरच असते. मूव्ह्ड ब्लॉक म्हणजे असाच फेरफार: जुना पत्ता हा, नवा हा. २०२१ मध्ये टेराफॉर्मच्या आवृत्ती १.१ पासून तो मिळाला. तो कोडमध्येच राहत असल्याने रिव्ह्यूत सगळ्यांना दिसतो आणि स्टेजिंग (चाचणीचं), प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापराचं) दोन्हीकडे आपोआप लागू होतो. सगळीकडे अप्लाय होईपर्यंत, म्हणजे प्लॅन प्रत्यक्ष लागू होईपर्यंत, मात्र तो काढू नका.

स्टेट एमव्ही ही त्याआधीची वाट. कमांड थेट स्टेटमध्ये बदल करते, प्रत्येक ठिकाणी वेगळी चालवावी लागते. मधेच सहकाऱ्याने जुन्या ब्रँचवरून अप्लाय केलं तर पुन्हा तीच पाडापाडी. साध्या नावबदलासाठी मी ती आता वापरत नाही. रिसोर्स वेगळ्या स्टेट फाइलमध्ये न्यायचा असेल तर मूव्ह्ड चालत नाही. तिथे इम्पोर्ट (नव्या स्टेटमध्ये घेणारा) आणि रिमूव्ह्ड (जुन्या स्टेटमधून काढणारा) ब्लॉकची जोडी बरी.

सगळ्यात जास्त गैरसमज प्रिव्हेंट डिस्ट्रॉयबद्दल आहे. रिसोर्स पाडू न देणारी ही ओळ रिसोर्सच्या ब्लॉकमध्ये असते. नाव बदललं की ती नव्या नावासोबत जाते आणि जुन्या पत्त्याला कुणी राखणदार उरत नाही. म्हणजे नेमक्या याच चुकीत ती कामाला येत नाही. पुलुमी हे टेराफॉर्मसारखंच दुसरं साधन, त्यात कोड नेहमीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितात. त्याचं प्रोटेक्ट (पाडू नको अशी खूण) इथे सरस आहे: ती खूण स्टेटमध्ये असते, त्यामुळे कोडमधून रिसोर्स गेला तरी पुलुमी तो पाडायला नकार देतं. नाव बदलायला तिथे एलियासमध्ये जुनं नाव लिहायचं, काम मूव्ह्डसारखंच.

नवा प्रकल्प असेल आणि टीमला पायथन किंवा टाइपस्क्रिप्ट जवळचं असेल तर या एका कारणासाठीही मी पुलुमीकडे झुकेन. चालू टेराफॉर्म सोडून जाण्याइतका मात्र हा फरक मोठा नाही. तिथे मूव्ह्ड लिहा आणि आरडीएसवर (अमेझॉनच्या क्लाउडमधल्या डेटाबेस सेवेवर) डिलीशन प्रोटेक्शन चालू ठेवा. ते क्लाउडच्या बाजूला असल्याने कोडमधल्या नावाशी त्याचा संबंध नाही. आमच्याकडे आता प्लॅनच्या जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या रूपात) ‘डिलीट’ दिसलं की बदल आपोआप लागू करणारी पाइपलाइन थांबते आणि दुसऱ्या माणसाची मंजुरी मागते.