नोकरी सांभाळून दूरस्थ पदवी: दीड वर्षानंतर, आणि सगळं गाडं अडलंय शेऱ्यांवर

काल तिसऱ्या सेमिस्टरच्या असाइनमेंटचे मार्क आले. पीडीएफ उघडली, पानंपान खाली सरकवत गेले, कुठेतरी एखादा शेरा असेल म्हणून. काही नाही. १४ पानं मी ऑफिस सुटल्यावर रात्री जागून लिहिली होती आणि त्यावर फक्त २० पैकी १३ आणि एक सही. ७ मार्क कुठे गेले हे मला कोण सांगणार?

ॲडमिशन, पोर्टल, परीक्षा वगैरे कसं चालतं ते सगळ्यांना माहितीये, त्यात मला फार त्रास झाला नाही. वेळेचं मात्र सांगते. आठवड्याला चार-पाच तास पुरतील असं मी धरून चालले होते. युरोपात १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात, आणि माझा अनुभव पण तोच आहे, म्हणजे ५ क्रेडिटचा एक विषय सव्वाशे तास तरी खातोच. नोकरीवाल्याने एका वेळी दोनच विषय घ्यावेत, तिसरा घेतला की झोपेतनं जातो.

पहिले सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते की रेकॉर्डेड लेक्चर्स एक नंबर आहेत, तेवढ्यासाठी तरी घ्या. ते आता मागे घेते. लेक्चर बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने कोरा कागद घेऊन बसलं की दोन ओळी सुचत नाहीत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे यावर. धडा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. लिहायला लावणारी आमच्याकडे एकच गोष्ट, असाइनमेंट, आणि तीच अशी तपासतात!

पहिल्या सेमिस्टरला असं नव्हतं हो. तेव्हा ज्या कोणी बाई किंवा सर तपासायला होते त्यांनी सहाव्या पानावर समासात लिहिलेलं, "हे कारण आहे की परिणाम? एकाच वाक्यात दोन्ही आलंय, वेगळं करा." मी ते वाक्य तोडून परत लिहिलं तेव्हा कळलं की माझा मुद्दाच चुकला होता. त्यानंतर ऑफिसचे रिपोर्टसुद्धा मी तसेच तपासायला लागले. त्या व्यक्तीला मी कधी भेटले नाही, नाव पण माहीत नाही, पण या दीड वर्षात मला खरं शिकवलं ते त्यांनीच.

१८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन पोस्टाने शॉर्टहँड (लघुलेखन) शिकवायचे, विद्यार्थी सराव लिहून पाठवायचे आणि तो दुरुस्त होऊन परत यायचा. पोस्टाने जमत होतं ते आता एका क्लिकवर जमू नये याचा मला खरंच राग येतो.

हेल्पडेस्कला तीन तिकिटं, म्हणजे ऑनलाइन तक्रारी, टाकली. तिन्ही वेळा "मूल्यमापन पूर्ण झाले आहे" एवढंच उत्तर आणि तिकीट क्लोज. चौथ्यांदा मी मार्क वाढवून नकोत, फक्त कारण लिहून द्या असं स्पष्ट टाकलं, त्याला अजून उत्तर नाहीये.

तरी पदवी सोडणार नाहीये, अर्ध्याच्या वर झालीये आणि विषय मनापासून आवडतोय. पण तुम्ही ॲडमिशन घेणार असाल तर फी भरायच्या आधी एकच मागा, तपासलेल्या जुन्या असाइनमेंटचा नमुना, नाव झाकून का होईना. समास कोरा दिसला तर दुसरीकडे बघा.

आमच्या बॅचच्या चौघांनी आता ठरवलंय, सबमिट करायच्या आधी एकमेकांचं तपासायचं, किमान पाच शेरे लिहायचेच. माझ्याकडे दोन पेपर आलेत, रविवारपर्यंत द्यायचेत.