बोटीच्या पॉवर स्टिअरिंगची गळती : सील किट, नवी होज आणि नवा कूलर टाकून एक अख्खा सीझन चालवल्यावर

निकाल आधी सांगून टाकतो. अॅक्च्युएटरचं (ड्राइव्ह वळवणाऱ्या सिलिंडरचं) सील किट पैसा वसूल, कूलर (तेल गार करणारा भाग) बदलणं अत्यावश्यक होतं, आणि जेसीबीवाल्यांकडून बनवून घेतलेली होज (तेलाची जाड नळी) चांगली असली तरी तिची टोकं चुकीच्या धातूची निघाली. गळती थांबवणारी जी बाटली मिळते, तिच्याबद्दल खाली.

बोट एकवीस फुटी फायबरची. आत 4.3 लिटरचं व्ही-6 पेट्रोल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह (बोटीबाहेरचा, पंखा असलेला, वळणारा भाग; पुढे नुसतं ड्राइव्ह). मांडवा ते गेटवे आणि सुट्टीच्या दिवशी किहीम-रेवसकडे फेऱ्या. गणपतीनंतर पाण्यात उतरवली आणि आता पावसाळ्याआधी वर घेतली आहे, त्यामुळे सगळे भाग पुन्हा उघडून बघता आले.

ज्यांची बोट आउटबोर्डवर (बाहेर मागे टांगलेल्या इंजिनवर) आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : आमच्या पद्धतीत इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो. तिथून जाड प्रेशर होज मागे ट्रान्समवरच्या (बोटीच्या मागच्या भिंतीवरच्या) अॅक्च्युएटरला जाते. चाक फिरवलं की केबल तिथला व्हॉल्व्ह हलवते आणि तेलाच्या जोरावर रॉड ड्राइव्ह वळवतो. परतीचं तेल कूलरमधून जातं, आणि त्या कूलरला गार ठेवतं ते समुद्राचं पाणी. म्हणजे गळायला जागा भरपूर, आणि त्यातल्या एका जागेतून तेल बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) न येता थेट समुद्रात जाऊ शकतं. ही जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आमच्याकडे सुरुवात झाली ती बिल्जच्या पाण्यावरच्या लालसर तवंगाने. तांडेल (बोट चालवणारा) म्हणाला, "शेठ, सकाळी चाक जड लागतंय, आणि सुरू केल्यावर घूं करतंय." घूं म्हणजे तेलात हवा. रंगाकडे आधी बघा. लाल म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या) जातीचं स्टिअरिंगचं तेल. काळं असेल तर इंजिन ऑइल. गंधकासारखा उग्र वास आला तर ड्राइव्हचं गिअर ऑइल. मात्र पॉवर ट्रिमचा (ड्राइव्ह वर-खाली करणारा) पंपही तिथेच जवळ असतो आणि त्यातही बऱ्याचदा असंच लाल तेल भरलेलं असतं. दोन्ही टाक्यांच्या पातळीवर खूण करून ठेवली. ट्रिमची जागच्या जागी राहिली, स्टिअरिंगची उतरली. इथे अर्धं निदान झालं, एक पाना न लावता.

पहिल्या वर्कशॉपने पंपाचं शाफ्ट सील बदलून दिलं, कारण तेल पंपाखाली दिसत होतं. आठवड्यात परत तेच. तेल जिथे टपकतं तिथून ते निघालेलं असतंच असं नाही. ते नळीवरून घरंगळत सर्वात खालच्या जागी जाऊन थेंब सोडतं. बोट लाटांवर नाक वर करून धावते, तेव्हा तर मागचं पुढचं सगळं एक होतं. म्हणून मग भाग बदलणं थांबवून आधी सगळं स्वच्छ केलं. डिग्रीझर, जुना ब्रश, गोडं पाणी, कोरडं फडकं. जेट्टीवर कोणीतरी पेट्रोलने धुवा म्हणून सुचवलंच. बंद इंजिनखान्यात पेट्रोलची वाफ आणि एक ठिणगी, मग स्टिअरिंगची चिंता उरत नाही. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनखान्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान 4 मिनिटं चालवा, हे त्या दिवशी तर नक्कीच.

नंतर टाकीत यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घातला, बोट ट्रेलरवर, ड्राइव्हला मफ (पाण्याची नळी जोडायच्या रबरी टोप्या) लावून पाणी चालू (पाण्याशिवाय इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, बघता बघता जळतं), आणि संध्याकाळी ताडपत्रीखाली यूव्ही टॉर्च. चाक एका टोकाला नेऊन क्षणभर धरलं की पंप पूर्ण दाबावर जातो. हा दाब हजार पीएसआयच्या वर असतो, त्यामुळे गळती बोटाने चाचपू नका; बारीक फवाराही कातडीत तेल घुसवतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आमच्याकडे प्रेशर होजच्या क्रिंपपाशी (नळीवर धातूचं टोक दाबून बसवतात तिथे) पोपटी रेघ चमकली, आणि तीही फक्त चाक टोकाला असतानाच. तिथून ती नळीच्या पोटावरून पंपाच्या दिशेने आलेली. दुसरी चमक अॅक्च्युएटरच्या रॉडभोवती, अगदी पातळ.

रॉड बाहेर काढून नखाने तपासा. खाऱ्या पाण्याने पडलेला खड्डा नखाला अडकला आणि तो सील जिथून सरकतं त्या पट्ट्यात असेल, तर किटवर पैसे घालू नका. नवं सील तो महिनाभरात कापतो. आमच्या रॉडला खड्डे होते, पण अगदी टोकाला, सीलच्या प्रवासाबाहेर. म्हणून किट. मापाची ओ-रिंग आणि वायपर (रॉड पुसणारी रबरी कडी) मुंबईच्या नागदेवी बाजारात सुटेही मिळतात, पण किटमधले घेतले, कारण वायपरची ओठासारखी कड नेमकी हवी.

कूलर मात्र योगायोगाने सापडला. टाकीतलं तेल बाहेर काढलं तर ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी. पाणी आत शिरल्याशिवाय तेल असं होत नाही. कूलर सोडवला, तेलाच्या बाजूचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलकी हवा दिली, बादलीत बुडवला. झाळणाच्या सांध्यातून बुडबुड्यांची माळ. शिवाय पाण्याच्या तोंडाशी जुन्या इंपेलरच्या रबराचे तुकडे अडकलेले, म्हणजे इंजिनला पाणीही कमी जात होतं. नवा कूलर क्युप्रो-निकेलचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) घेतला. पूर्ण सिस्टीम नव्या तेलाने धुऊन काढली, नाहीतर उरलेलं पाणी पंपाचा आतला भाग गंजवतं.

होज पेणला जेसीबीच्या होज बनवून देतात तिथे करून घेतली, दोन तारांच्या जाळीची. काम अर्ध्या तासात. हवा काढायला इंजिन मंद ठेवून चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, टोकाला दाबून धरायचं नाही, आणि टाकीतला फेस बसेपर्यंत धीर धरायचा. घाई केली की पुन्हा घूं.

आता सीझननंतरचा हिशेब. तेल लालच आहे, गुलाबी छटा नाही, पातळी खुणेवर. चाक सकाळीही हलकं. रॉडवर टिश्यू फिरवला तर तेलाचा पुसटसा ओलावा लागतो. थेंब धरत नाही, तेवढं चालतं. नाराजी फक्त होजवर. नळी उत्तम, पण टोकं साध्या लोखंडाची, वर नुसता झिंकचा मुलामा. बिल्जच्या खाऱ्या हवेत दिवाळीपर्यंतच तांबूस झाली. ग्रीस आणि पेंट लावून वेळ मारून नेली. जेसीबीवाल्याचा दोष नाही, त्याच्या मशीन चिखलात असतात, मिठात नाही. तुम्ही एसएस 316 ची (स्टेनलेस स्टीलची) टोकं आधीच मागा, दर जास्त पडतो तरी.

त्या गळती-थांबव बाटलीचं : ती रबर फुगवते, त्यामुळे कडक झालेल्या सीलवर काही दिवस फरक दिसतो. फाटलेल्या क्रिंपवर किंवा झाळणाच्या भोकावर ती काय करणार? आमच्याकडे तिने काहीच केलं नाही.

एक सवय लावून घेतली आहे. बोट बांधताना चाक त्या बाजूला फिरवून ठेवायचं, ज्याने रॉड सिलिंडरच्या आत जातो, आणि मग गोड्या पाण्याचा एक मारा. बाहेर राहिलेल्या रॉडवर मीठ सुकतं, शिंपले धरतात, आणि खड्ड्यांची सुरुवात तिथूनच होते. तांडेलला हे पटवायला वेळ लागला, कारण चाक वाकडं ठेवून बोट बांधणं त्याला बघवत नाही.

सगळं मिळून खर्च नव्या अॅक्च्युएटरपेक्षा कमी आला, पहिल्या वर्कशॉपचं बिल धरूनही. या पावसाळ्यात होजची टोकं स्टीलची करून घेणार आहे आणि पंपाचा बेल्ट बदलणार आहे. सीलला हात लावणार नाही.