वखारीतला बिडाचा रंधा: आठ महिन्यांनंतर

कोल्हापुरातली एक वखार बंद होत होती. गेल्या दिवाळीनंतर तिथून लाकूड सपाट करायचं 12 इंची रंधा मशीन उचललं. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या वाडकिन कंपनीचं, पितळी पट्टी शाबूत, साल कुठेच नाही. 38 हजारांना पडलं. वजनकाट्यावर 480 किलो.

त्याआधी दुसरीकडे निम्म्या किमतीत एक मिळत होतं. ते सोडलं, कारण त्याचा कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, चौकोनी होता. चौकोनी ब्लॉक आणि टेबलाची कड यांत मोठी फट पडते. हात घसरला की बोटं आत गेलीच. ब्रिटनमध्ये 1922 च्या नियमांनी हाताने लाकूड सारायच्या रंध्याला गोल ब्लॉक सक्तीचा केला. आमच्या मिस्त्रींच्या डाव्या हाताची दोन पेरं नाहीत. त्यांनी ब्लॉक बघितला आणि म्हणाले, ‘‘चला, चहा घेऊ.’’ विषय संपला.

घरी आणणं हे वेगळंच प्रकरण. चेन कप्पी, दोन पहारी, खाली दीड इंची पाइपांचे तुकडे आणि चार माणसं. पार्किंगच्या तीन फरशा फुटल्या. आईने तो विषय अजून सोडलेला नाही.

मग वीज. मोटर 3 एचपी, थ्री फेज. घरात सिंगल फेज. व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून मोटरचा वेग सांभाळणारा डबा) घेतला, पण सिंगल फेजवरचा व्हीएफडी 230 व्होल्टच देतो आणि मोटर 415 ची, आतल्या वेटोळ्यांची जोडणी ‘स्टार’ पद्धतीची. बाहेर तीनच वायरी. रिवाइंडिंगवाल्याने स्टारचा जोड आतून उकलून सहा वायरी बाहेर काढल्या, मग 230 वर चालणारी ‘डेल्टा’ जोडणी करता आली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते. फायदा एक झाला: मशीन झटका न देता सुरू होतं. पूर्वी बंद केल्यावर जडपणामुळे ब्लॉक बराच वेळ फिरत राहायचा, आता वीस सेकंदांत थांबतो.

बोल्ट सगळे इंची. 15 चा पाना बसत नाही, 16 चा घसरतो. जुन्या बाजारातून व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने शोधून आणले. बेअरिंग मात्र बदलली, तेवढ्यानेच आवाज निम्मा झाला.

आता काम. पाच फुटी सागवानी फळी, चांगला पीळ पडलेली, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या सहा कटांत सरळ. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धरल्या, मधून उजेड आला नाही. पूर्वीच्या हलक्या मशीनवर गाठ आली की फळी उडायची. याला गाठ कळतच नाही. पण मागचं टेबल पात्याच्या वरच्या टोकाच्या अगदी पातळीत हवं. जरा खाली राहिलं की फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा. तीन पाती बसवायला अजूनही मला तास लागतो.

तक्रारी आहेतच. भुसा ओढायला तोंड नाही, सगळं पायाशी पडतं. फेन्स (फळी टेकवायची उभी पट्टी) काटकोनात टिकत नाही, दर वेळी गुण्या लावावा लागतो. महिन्यातून दोन पाट करणाऱ्याने याच्या नादाला लागू नये.

आणि पावसाळा. जुलैत एका संध्याकाळी टेबलावर हात टेकून फोनवर बोलत उभा होतो. सकाळी तिथे पाच बोटांचा तांबूस ठसा. केरोसीन आणि बारीक पॉलिश पेपरने बराचसा गेला, अंगठा अजून दिसतो. आता काम झालं की मेण घासतो आणि वर आजीची जुनी गोधडी टाकतो.