संशोधनासाठी माहिती अधिकार: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांनी वापरून पाहावी अशी सेवा

महापालिकेच्या धोरणावर प्रबंध लिहायचा तर माहिती अधिकाराच्या अर्जाइतकं स्वस्त आणि भक्कम साधन दुसरं नाही. गुजरातेत फी २० रुपये, ए-४ नकलेला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

अर्ज फसतो तो प्रश्नाच्या मांडणीत. ‘विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत का शिरतं?’ असं विचारलं की ‘ही माहिती नोंदीत नाही’ एवढंच उत्तर येतं, कारण कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाच्या हाती असलेलं दफ्तर, म्हणजे नोंदी आणि कागद. त्याऐवजी लिहा: ‘अमुक वॉर्डातल्या पावसाळी गटारांच्या सफाईच्या २०२३-२४ च्या वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि अदा बिलांच्या प्रती.’ एका अर्जात एकच खातं घ्या. कॉलेजच्या नव्हे, स्वतःच्या नावाने करा. हक्क नागरिकाचा आहे. कारण सांगायची गरज नाही.

उणीव खरी आहे ती वेळेची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पहिलं अपील ३० दिवसांत करावं लागतं, दुसरं ९० दिवसांत, आणि तोवर सत्र संपतं. म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि कागद खूप असतील तर नकला न मागता दफ्तर पाहण्याची मागणी करा. टिपणं काढायचा हक्क कलम २(ञ) देतंच.